हजार मीटरच्या खाली

ज्याला एखादी गोष्ट कधी शिकावीच लागली नाही, त्याने ती दुसऱ्याला शिकवायला जाऊ नये. एंगेलबर्ट प्लोनरला हे शहाणपण शनिवारी दुपारी सुचलं. सोमवारी सकाळी सुचलं असतं, तर ही गोष्ट सांगायला उरलीच नसती.

सोमवारी सकाळी हिंटरलानचे सरपंच लुग्गर यांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. हिंटरलानच्या ग्रामकचेरीत दार लावलं जातं ते एक तर कुणी गेल्यावर, नाहीतर निवडणूक जवळ आल्यावर. एंगेलबर्टने घाईघाईने मनातल्या मनात गावातल्या म्हाताऱ्यांची हजेरी घेतली.

"बेर्टल," सरपंच म्हणाले, "तुला स्की येतं ना?"

टिरोलच्या डोंगरात बावन्न वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे 'तुला जेवता येतं ना' असं विचारण्यासारखं आहे. एंगेलबर्टने नुसतं पाहिलं.

"येतं. बरं. जिल्ह्याच्या नव्या बाईंना येत नाही."

आता मात्र एंगेलबर्टला खुर्ची ओढून बसावं लागलं. जिल्हाधिकारी होफराट डॉक्टर रोस्विता यांड्रिशित्स या ऑक्टोबरात बदलून आल्या होत्या. होफराट म्हणजे दरबारी सल्लागार. आमच्याकडे बादशहा जाऊन शंभर वर्षं झाली, दरबाराचं म्युझियम झालं, तिकीट लागतं. पण पदवी अजून मिळते आणि मिळाली की ती माणसाच्या नावाला मरेपर्यंत चिकटते. तर या होफराट बाई बुर्गेनलांडच्या. तिकडे सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे चर्चचा मनोरा, आणि तिथेही माणूस चढत नाही, करकोचे चढतात. आणि येत्या शनिवारी जिल्ह्यातल्या कचेऱ्यांची वार्षिक स्की-शर्यत, यंदा हिंटरलानमध्ये. सोळा गावांचे सरपंच, वनाधिकारी, डॉक्टर, सगळे एकामागून एक उतरतात आणि पहिला उतरतो तो जिल्हाधिकारी. उद्घाटन म्हणून. ही प्रथा कुणी पाडली ते कुणाला माहीत नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही.

"पाच दिवसांत बाईंना चौदाशे मीटरवरून खाली आणायचं," सरपंच म्हणाले. "पायांवर. आणि गुपचूप. मी तुझं नाव दिलंय." मग खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "श्ट्रिगल ईस्टरला निवृत्त होतोय. त्याच्या खुर्चीसाठी बाईंनी एक शब्द टाकला तर..."

पुढचं वाक्य पुरं करायची गरज नव्हती. चोवीस वर्षं एंगेलबर्ट श्ट्रिगलच्या शेजारच्या टेबलावर बसत होता. कचेरीचं सगळं काम तोच करी, पण मुख्याधिकारी म्हणून सही श्ट्रिगलची. ही खुर्ची त्याला हवी होती. हवी होती म्हणजे किती, तर रविवारी कचेरी बंद असताना तो तिच्यावर बसूनही आला होता.

घरी गुपित सुपापर्यंत टिकलं.

"तू? शिकवणार?" बुर्गी म्हणाली. बुर्गी त्याची बायको. "तू मला गाडी शिकवायला घेतलीस, तेव्हा घटस्फोटाचा अर्ज कुठे मिळतो ते विचारायला मी तुझ्याच कचेरीत आले होते."

"खुर्चीचा प्रश्न आहे, बुर्गी."

बुर्गीने डाव खाली ठेवला. खुर्चीत बुर्गीचाही वाटा होता. "डॉक्टरची बायको बेकरीत गेली की 'या डॉक्टरीणबाई'. कोफ्लरची बायको गेली की 'या संचालकीणबाई'. नवरा काय चालवतो तर स्कीशाळा! आणि मी गेले की? 'बुर्गी, कालचा उरलाय, चालेल का?' चोवीस वर्षं मी कालचा पाव खातेय, बेर्टल. शिकव त्या बाईला. डोक्यावर घेऊन उतरव हवं तर."

हे सगळं बोलणं स्वयंपाकघराची खिडकी किंचित उघडी असताना झालं आणि खिडकीखाली शेजारच्या झेन्झी आजी बर्फ झाडत होत्या. त्या अर्धा तास एकाच पायरीवरचा बर्फ झाडत होत्या. संध्याकाळपर्यंत गोष्ट षट्कर्णी झाली. पण गाव सभ्य. कुणालाही काही माहीत नव्हतं आणि प्रत्येक जण सल्ला द्यायला येत होता.

"मी चार पोरं शिकवली," झेन्झी आजी म्हणाल्या. "खाली उभी राहायची हातात गरम तळलेलं, जॅम भरलेलं गोड क्राफन घेऊन. आलं खाली तर क्राफन, पडलं तर नाही. तीन दिवसांत शिकतात."

"आजी, त्या जिल्हाधिकारी आहेत."

"मग दोन क्राफन ने."

पोस्टमन म्हणाला, पहिले तीन दिवस हातात काठ्या द्यायच्याच नाहीत. त्याचा मेव्हणा म्हणाला, पहिले तीन दिवस काठ्याच द्यायच्या, पायांत बांधायच्या फळ्या नाहीत. गुरांच्या डॉक्टरांनी पायांची बोटं सैल सोडायचा सल्ला दिला आणि तो घोड्यांनाही लागू पडतो असं सांगितलं. प्रत्येकाची पद्धत खात्रीची, आणि प्रत्येकाची पद्धत त्याच्या स्वतःच्या बायकोवर फसलेली.

एंगेलबर्टची अडचण निराळीच होती. तो तीन वर्षांचा असताना त्याला कुणी तरी डोंगरावर उभं केलं होतं, आणि तेव्हापासून तो उतरत होता. आपण वळतो कसं हे त्याला ठाऊकच नव्हतं. शिकवायचं तर आधी ते कळायला हवं, म्हणून मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तो चॅपलमागच्या सरावाच्या कुरणावर गेला आणि स्वतःच्या पायांकडे लक्ष देऊन उतरू लागला. आधी डावा पाय दाबतो की उजवा? गुडघा आधी जातो की कंबर? खांदे करतात तरी काय? या तिसऱ्या प्रश्नाला त्याचे दोन्ही पाय एकमेकांवर चढले आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा एंगेलबर्ट प्लोनर तोंडावर आपटला. समोर बालवाडीचा वर्ग चालत्या पट्ट्यावरून वर येत होता. अकरा हेल्मेटं वळली. "पिझ्झा! पिझ्झा!" वर्ग एका सुरात ओरडला.

फळ्यांची पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार केला की वेग कमी होतो, हे इथलं पहिलं पाऊल. बालवाडीने त्याला ते मोफत शिकवलं. एंगेलबर्टने बर्फ झटकला, आपण मुद्दाम पडून दाखवलं असा चेहरा केला आणि कचेरीत गेला. चेहरा जमला नव्हता, कारण कचेरीत श्ट्रिगलने खुर्चीला चिकटून बसल्याबसल्या विचारलं, "काय रे, पिझ्झा खाल्लास का?"

चार वाजता होफराट बाई आल्या. ओळख लपवायला त्यांनी हिरवं हेल्मेट आणि अर्धा चेहरा झाकणारा काळा चष्मा घातला होता. मात्र आल्या त्या जिल्ह्याच्या सरकारी गाडीतून. घराघरांतले पडदे एक बोटभर सरकले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या डोंगरांत हजार मीटरच्या वर अहो-जाहो नसतं. मंत्री असो, बिशप असो, वर गेला की 'अरे' आणि 'तू'. खाली आला की पुन्हा 'अहो', 'आपण' आणि असतील तेवढ्या पदव्या. हा काही कायदा नाही, म्हणूनच सगळे पाळतात. आणि हिंटरलानच्या सरावाच्या कुरणाचा तळ नऊशे ऐंशी मीटरवर, माथा हजार तीसवर. मधेच 'एक हजार मीटर' अशी लाकडी पाटी.

"गुडघे वाकव," एंगेलबर्ट माथ्यावर म्हणाला. पहिल्यांदा जीभ अडखळली, पण प्रथा ती प्रथा. "पुढे झुक. टोकं जवळ आण. आण, आण... हां, अशी!"

बाई निघाल्या. पाटीपर्यंत छान गेल्या. पाटी ओलांडली आणि एंगेलबर्टच्या घशात चोवीस वर्षांची नोकरी दाटून आली.

"माननीय होफराट डॉक्टर यांड्रिशित्स बाई, आपल्याला जर गैरसोय होणार नसेल तर कृपया आपले गुडघे किंचित..."

बाई कुंपणात होत्या.

दुसऱ्या खेपेला त्या पाटीपाशीच पडल्या. डोकं वरच्या बाजूला, पाय खालच्या. एंगेलबर्ट वाकला आणि थांबला. डोक्याशी बोलावं तर 'ऊठ', पायांशी बोलावं तर 'उठावं'. या विषयावर कुठलंही परिपत्रक त्याला आठवेना. शेवटी तो काहीच बोलला नाही. हात दिला. हाताला अरे-तुरे नसतं.

पाच वेळा असं झाल्यावर बाई माथ्यावर बसकण मारून म्हणाल्या, "प्लोनर, इथे वर तू सांगतोस ते मला कळतं. खाली गेलं की तुझं 'कृपया आपण' संपेपर्यंत मी कुंपणात असते. आपण खाली शिकायचंच नाही."

बुधवारपासून शिकवणी चॅपलमागून हलली आणि तारेवरच्या पाळण्याने वर गेली. तेराशे मीटरवर एंगेलबर्टला आपल्यात दडलेला मास्तर सापडला. त्याला कसं वळायचं ते अजूनही सांगता येत नव्हतं, पण समोरचा चुकला की त्याच्या तोंडून आपोआप बरोबर तेच निघे.

"अगं मागे काय रेलतेस? खुर्ची आहे का तिथे? रेलायचंय तर कचेरीत जाऊन रेल!"

"पाय थरथरतायत रे माझे!"

"थरथरू देत. त्यांचं ते बघतील. तू समोर बघ. पायांकडे बघून कुणी कुठे पोचलंय का आजवर?" हे शेवटचं वाक्य त्याने मंगळवारी दुपारी स्वतः सिद्ध केलं होतं.

बाई पडत, उठत, शिव्या खात आणि खदाखदा हसत. बुधवारी संध्याकाळी त्या दोन्ही बाजूंना वळल्या. "बावीस वर्षं मला कुणी रागावलंच नाही, बेर्टल," त्या बर्फ पुसत म्हणाल्या. "लोक मान खाली घालतात, हो म्हणतात आणि मग त्यांना हवं तेच करतात. मला वाटायला लागलं होतं, माझं कधी चुकतच नाही." एंगेलबर्टला हे ऐकून त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि त्या मायेच्या भरात त्याने त्यांना आणखी एकदा वर पिटाळलं.

गुरुवारी सकाळी कचेरीच्या खिडकीशी सेवेरिन कोफ्लर उभा. कोफ्लर स्कीशाळेचा मालक, एंगेलबर्टचा वर्गमित्र. सहा वर्षांपूर्वी त्याच्या शाळेची पाटी नियमापेक्षा अकरा सेंटिमीटर रुंद होती म्हणून एंगेलबर्टने परवानगी नाकारली होती. कोफ्लरने पाटी कापली होती, पण ती अकरा सेंटिमीटर त्याने जपून ठेवली होती असं म्हणतात.

"तक्रार द्यायचीय," कोफ्लर म्हणाला. "परवान्याशिवाय मोबदला घेऊन स्की शिकवणं हा गुन्हा आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते ना ती? तुमच्यामार्फत?"

"जाते. कुणाविरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध."

एंगेलबर्टने अर्ज घेतला. वाचला. त्याच्या कपाळाला आठी पडली, पण ती तक्रारीमुळे नव्हे. "हे 'बेर्टल' काय लिहिलंयस? पूर्ण नाव लिही. आणि विद्यार्थ्याचं नाव?"

"ते तूच सांग की!"

"मला माहीत नाही असं नाही, पण मी सांगणार नाही. 'हिरव्या हेल्मेटातील मध्यमवयीन स्त्री' असं लिही. आणि सेवेरिन, मोबदल्याचा रकाना रिकामा आहे. असा गेला तर परत येईल, तुझा महिना फुकट जाईल."

"मग काय लिहू तिथे?"

"तुझी तक्रार आहे, मी कसं सांगू?"

कोफ्लरने पेन चावलं, श्ट्रिगलच्या टेबलाकडे पाहिलं आणि लिहिलं: 'मुख्याधिकाऱ्याची खुर्ची.'

एंगेलबर्टचे कान लाल झाले. मनातल्या मनात त्याला कबूल करावं लागलं की रकाना अगदी बरोबर भरला आहे. त्याने शिक्का मारला, जावक क्रमांक घातला, दुसरी प्रत लागते म्हणून ती स्वतः यंत्रावर काढून आणली आणि कोफ्लरला पोच दिली. चोवीस वर्षांत त्याच्या हातून एकही अर्ज अपुरा गेला नव्हता. स्वतःच्या गळ्याचा फास म्हणून गाठ ढिली मारणाऱ्यांतला तो नव्हता.

दुपारी वर गेल्यावर त्याने सांगून टाकलं. "रोस्विता, तुझ्याकडे माझी तक्रार येतेय."

बाईंनी हात वर केला. "टपाल उद्या येईल. उद्या मला कळेल. आज मला काही माहीत नाही. आज मला ते उजवं वळण दाखव."

शुक्रवारी त्यांना कळलं. सोमवारी सकाळी नऊला सुनावणी अशी नोटीस संध्याकाळच्या आतच निघाली.

शनिवार उजाडला तो लख्ख. तळाशी गावच्या मैदानात अग्निशमन दलाचा बँड, गुलाशच्या मटण-सुपाचं मोठं पातेलं, रम घातलेला चहा आणि बाईंचं उतरणं पाहून मगच वर जाणारे सोळा गावचे सोळा सरपंच. शेवटच्या झेंड्यापाशी अग्निशमन दलाचा प्रमुख हातात माइक घेऊन उभा. वर चौदाशे मीटरवर होफराट बाई, छातीवर एक नंबरचं कापड. त्यांच्या मागे एंगेलबर्ट, उगाच, एक स्वयंसेवक म्हणून.

"बेर्टल, मला जमणार नाही."

"जमतंय तुला. जा."

आणि बाई गेल्या. पहिला झेंडा, दुसरा, तिसरा. चौथ्याला त्या मागे रेलल्या. मागे रेललं की वेग वाढतो, वेग वाढला की माणूस आणखी मागे रेलतो. हे चक्र कुंपणाशिवाय थांबत नाही. पाचव्या झेंड्याला त्यांनी झेंडाच सोबत घेतला. एंगेलबर्ट एक क्षणही थांबला नाही. खुर्ची, तक्रार, सोमवार, सगळं वर टाकून तो त्यांच्या मागे सुटला.

"पुढे झुक! अगं पुढे! मागे काय माहेर आहे का तुझं?"

सहावा झेंडा. सातवा. बाई झुकल्या. वेग जरा आवरला.

"आता पिझ्झा कर! मोठा! एवढासा काय करतेस, पाहुणे आलेत जेवायला! अख्ख्या गावाला पुरेल एवढा कर!"

झाडी संपली, गाव दिसू लागलं. शेवटच्या झेंड्यापाशी माइकवाल्याने ही ओरड ऐकली आणि कौतुकाने माइक पुढे धरला. मैदानातल्या चारही कर्ण्यांतून आवाज घुमला: "ए बटाट्याच्या पोत्या! गुडघे! गुडघे वाकव म्हणतोय ना मी! हां! हां! आत्ता कशी शहाण्यासारखी आलीस!"

बाई रेषा ओलांडून गुलाशच्या पातेल्यापासून बरोबर एका हातावर थांबल्या. उभ्या. दोन्ही पायांवर. एंगेलबर्ट त्यांच्या शेजारी येऊन थांबला, आनंदाने त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या हेल्मेटावर एक टपली मारली. "जमलं की गं तुला, येडे!"

बँड थांबला होता. सरपंच लुग्गर यांच्या हातातला चहा त्यांच्या बुटावर सांडत होता आणि ते तो सांडू देत होते. तेव्हा एंगेलबर्टने मागे वळून डोंगराकडे पाहिलं. हजार मीटरची पाटी साठ मीटर वर राहिली होती. तो नऊशे चाळीसवर उभा होता.

"हातच्या काकणाला आरसा कशाला!" गर्दीतून कोफ्लर ओरडला. "हे गुरुजी आणि ही विद्यार्थिनी! सगळ्यांनी पाहिलं!"

होफराट बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "प्लोनर," त्या म्हणाल्या, "सोमवारी सकाळी नऊ. वेळेवर यावं." आणि त्या सूप घ्यायला गेल्या.

रविवारी झेन्झी आजी शेवयांचं सूप घेऊन आल्या, सुतकाच्या घरी आणतात तसं झाकून. "रम जास्त झाली होती असं सांग," त्या म्हणाल्या. पोस्टमनचं मत वेगळं होतं. उंची समुद्रापासून मोजतात, समुद्राची पातळी बदलत असते, तेव्हा गाव नक्की किती मीटरवर आहे हे कोर्टात कुणालाच सिद्ध करता येणार नाही. एंगेलबर्टला क्षणभर आशा वाटली. मग त्याच्या लक्षात आलं की समुद्र वाढतोय, म्हणजे गाव आणखीच खाली चाललंय. बुर्गीने कालचा पाव कापला आणि त्याच्यासमोर ठेवला.

सोमवारी जिल्ह्याच्या कचेरीत, म्हणजे दरीच्या पार तळाशी, एंगेलबर्ट नव्वद अंशांत बसला होता. शेजारी कोफ्लर. खरं तर बाईंनी ही सुनावणी दुसऱ्यावर सोपवायला हवी होती. पण त्यांचे डेप्युटी, 'स्की काय, कुणालाही येतं' असं म्हणणारे, शनिवारी सातव्या झेंड्यापाशी पाय मोडून प्लास्टरमध्ये पडले होते.

"श्री. प्लोनर, आपण शिकवलंत?"

"हो."

"कुणाला?"

एंगेलबर्टने छताकडे पाहिलं. "त्या व्यक्तीला मी गुप्ततेचा शब्द दिलाय."

"शनिवारी कर्ण्यांवरून आपण तो पाळलात, मी ऐकलं." बाई टंकलेखिकेकडे वळल्या. "लिहा. सदर विद्यार्थिनी या कार्यालयास परिचित आहे. आता प्रश्न एकच उरतो, मोबदल्याचा. श्री. कोफ्लर, आपण खुर्ची असं लिहिलंय. म्हणजे आरोपी त्या विद्यार्थिनीला खूश करून खुर्ची मिळवू पाहत होता?"

"अर्थात!" कोफ्लर म्हणाला.

"ज्याला खुर्ची हवी असते, श्री. कोफ्लर, तो जिल्हाधिकाऱ्याला सोळा सरपंचांसमोर, नऊशे चाळीस मीटरवर, बटाट्याचं पोतं म्हणतो का?"

बाईंनी हातानेच टपलीची खूण केली.

"टपली मारतो का?"

कोफ्लरने तक्रारीची पोच घडी घालून खिशात ठेवली.

"लिहा. आरोपीच्या वर्तनावरून त्याला कुठल्याही लाभाची अपेक्षा नव्हती हे निर्विवाद सिद्ध होतं. तक्रार निकाली काढली." बाईंनी फाइल मिटली आणि आवाज थोडा खाली आणला. "आता मी तुमच्यासाठी शब्द टाकू शकत नाही, प्लोनर. टाकला तर हे सगळं खोटं ठरेल. कळतंय ना?"

एंगेलबर्टला कळत होतं. चोवीस वर्षं. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"होफराट बाई, अपेक्षा होती. पहिल्या दिवशी होती. मग वर गेल्यावर विसरलो, पण होती. लिहून घ्यावं."

टंकलेखिकेची बोटं थांबली.

"तो प्रश्न विचारलेला नाही," बाई म्हणाल्या. "जा आता."

पण लुग्गर सरपंचांनी निराळाच हिशेब मांडला होता. जो माणूस जिल्हाधिकाऱ्याला टपली मारतो आणि सोमवारी दोन पायांवर घरी परततो, तो मुख्याधिकारी असला तर जिल्ह्याची कुठली नोटीस हिंटरलानला घाबरवणार? बाईंचा शब्द आलाच नाही, म्हणजे तो बाईंचा माणूस नव्हे, आणि नेमकं त्यामुळे पंचायतीने मार्चमध्ये एकमताने एंगेलबर्टला नेमलं. झेन्झी आजींनी क्राफन वाटली. बुर्गी बेकरीत गेली आणि परत आली ती 'या मुख्याधिकारीणबाई' ऐकून, ताज्या पावासकट.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. एंगेलबर्टला दोन रात्री झोप आली नाही. तक्रार निकाली निघाली ती लाभ नव्हता म्हणून, आणि आता लाभ झाला होता. तो शिकवण्यामुळे झाला, की शिव्यांमुळे, की सरपंचांच्या गैरसमजामुळे, हे ठरवणं त्याच्या अधिकारात बसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने कागद घेतला, विषय लिहिला 'माझ्याविरुद्धच्या तक्रारीत नवीन बाब उद्भवल्याबाबत', दोन प्रती काढल्या आणि पत्र जिल्ह्याला धाडलं.

"वेडा आहेस तू," सरपंच म्हणाले.

"फाइल अपुरी राहिली असती," एंगेलबर्ट म्हणाला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. कायद्यात असेल तेवढा कमीत कमी दंड, पण दंड. एंगेलबर्टने ते टपाल स्वतः आवकमध्ये चढवलं, स्वतः शिक्का मारला आणि संध्याकाळी मान खाली घालून घरी आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक डाग नव्हता. लागला तो नव्या खुर्चीच्या पहिल्याच महिन्यात. त्याने लिफाफा टेबलावर ठेवला आणि बुर्गीच्या तोफखान्याची वाट बघत उभा राहिला.

बुर्गीने कागद उलगडला. वाचला. पुन्हा वाचला. मग ती कोट चढवून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी झेन्झी आजी आल्या तेव्हा दिवाणखान्यात, क्रुसाच्या बरोबर खाली, सोनेरी चौकटीत तो कागद लटकत होता. वर सरकारी गरुड, खाली बाईंची सही. आजींनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"'श्रीमान मुख्याधिकारी एंगेलबर्ट प्लोनर यांस...' अगं बाई! सरकारकडून?"

"सरकारकडून," बुर्गी म्हणाली. "पहिलं पत्र. त्या पदवीने आलेलं."

आजींचं बोट एकेक ओळ खाली सरकू लागलं. "आणि हे पुढे काय लिहिलंय, बुर्गी? 'दोषी ठरवून...'"

"ते खालचं काही नाही, आजी," बुर्गी म्हणाली आणि तिने आजींचं बोट उचलून परत वर नेऊन ठेवलं. "वरची ओळ वाचा. मोठ्याने."